फुलपाखरांचे जवळून फोटो, आणि ‘यंदा कमी दिसतात’ या शंकेचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या एका टेकडीवर तीन वर्षं फुलपाखरांचे फोटो काढताय, आधी मोबाइलने आणि आता किट लेन्सच्या (कॅमेऱ्यासोबत मिळते त्या साध्या लेन्सच्या) कॅमेऱ्याने. जवळ गेलं की फुलपाखरू उडतं. बसून राहिलं तरी अर्धा पंख धूसर येतो. शिवाय जुने फोल्डर चाळताना वाटतंय की फुलपाखरं निम्म्यावर आली आहेत. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं टिपणारी) घ्यावी का, आणि संख्या खरंच घटली का?

दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आधीच देतो. फोल्डरमधल्या फोटोंच्या संख्येवरून ते कळणार नाही. ती संख्या तुम्ही किती वेळा गेलात, कशाच्या मागे लागलात आणि कशाचा कंटाळा आला हे सांगते. पहिल्या वर्षी माणूस दिसेल त्या कॉमन ग्रास यलोचा फोटो काढतो, तिसऱ्या वर्षी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. फुलपाखरू तेवढंच असतं, फोटो कमी होतात. मोजणी हे वेगळं काम आहे आणि ते वेगळं बसवावं लागतं. मात्र त्यासाठी ओळख पक्की हवी, ओळखीसाठी फोटो नीट हवा, म्हणून सुरुवात कॅमेऱ्यापासून.

किती मोठं करायचंय?

मॅक्रो लेन्सची जाहिरात १:१ वर चालते, म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उमटते. फुलपाखरांसाठी हे क्वचितच लागतं. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्ल्यू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, पंख पसरले की १२ ते १५ सेंमी भरतं. फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद, म्हणजे १:४ ला, वस्तूच्या पाव आकाराला, फ्रेम भरली. हळदीकुंकू (कॉमन जेझेबल) किंवा टायगर मंडळी १:२ ते १:३ मध्ये बसतात. खरं १:१ लागतं ते ग्रास ज्युवेलसारख्या जेमतेम नखाएवढ्या ‘ब्ल्यू’ गटातल्या फुलपाखरांना, अंड्यांना आणि नुकत्या बाहेर पडलेल्या अळ्यांना.

तुमची १८-५५ची किट लेन्स ५५ला साधारण १:३ पर्यंत जातेच. अडचण मोठेपणाची नाही, अंतराची आहे: तेवढं मोठं दिसायला लेन्सचं तोंड फुलपाखरापासून वीतभरावर न्यावं लागतं. लेन्स घेताना म्हणून ‘किती मोठं’ यापेक्षा ‘किती लांबून’ हे विचारा. १:१ ला ५०-६० मिमीची मॅक्रो लेन्स तोंडापुढे फक्त ५ ते ९ सेंमी जागा ठेवते. ९०-१०५ मिमीची १३ ते १५ सेंमी, १८० मिमीची पाव मीटरच्या आसपास. ५०-६० मिमीची स्वस्त आणि हलकी असते म्हणून मोह होतो. फुलपाखरांसाठी ती घेऊ नका. घ्यायचीच तर ९० ते १०५ मधली, वापरलेली चालेल.

घरात ७०-३०० लेन्स पडलेली असेल तर मात्र आधी क्लोजअप लेन्स लावून बघा. फिल्टरसारखी पुढे फिरवायची असते. +२ डायॉप्टरची लावली आणि मूळ लेन्स अनंतावर ठेवली की फोकस बरोबर ५० सेंमीवर पडतो, कारण १ मीटर भागिले २. मोठेपणा काढायला फोकल लांबी (लेन्सवरचा मिमीचा आकडा) ५०० मिमीने भागा: ३०० ला ०.६, २०० ला ०.४. अर्ध्या मीटरवरून एवढा मोठेपणा फुलपाखरांसाठी फार सोयीचा. दोन काचा चिकटवलेली अॅक्रोमॅट प्रकारची घ्या. +१, +२, +४, +१० असा स्वस्त संच मिळतो त्यातल्या एका काचेच्या लेन्स पंखाच्या कडांना जांभळी झालर आणतात. आणि फिल्टर थ्रेडचं माप (५८, ६२, ६७ मिमी) लेन्सच्या पुढच्या रिंगवर वाचून मगच मागवा. +८ ची १२.५ सेंमीवर नेऊन ठेवते. ती अंड्यांसाठी, फुलपाखरांसाठी नाही. तोटा एवढाच की क्लोजअप लेन्स लावल्यावर लांबचं काहीच फोकस होत नाही आणि फोकसची रिंग फिरवून फारसा फरक पडत नाही. पुढेमागे तुम्हालाच व्हावं लागतं.

एक्स्टेन्शन ट्यूबचं (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळीचं) गणितही सोपं: ट्यूबची लांबी भागिले फोकल लांबी एवढा मोठेपणा वाढतो. ५० मिमीवर ३६ मिमीची ट्यूब ०.७२ देते, पण फुलपाखरू पुन्हा वीतभराच्या आत येतं. ३०० मिमीवर तीच ट्यूब जेमतेम ०.१२ देते. विद्युत जोडणीच्या पिना नसलेली ट्यूब घेऊ नका, नव्या कॅमेऱ्यांत अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) लहानच करता येत नाही.

मोबाइलवाल्यांसाठी: ‘मॅक्रो’ मोड बंद करा. तो बहुतेक फोनांत अल्ट्रावाइड कॅमेरा वापरतो आणि २-४ सेंमीवर फोकस करतो. तोवर फोनची सावली पंखावर पडलेली असते. २एक्स किंवा ३एक्स टेलिफोटो निवडा, फूट-सव्वा फुटावरून काढा आणि नंतर कातरा. काही फोन जवळ गेलं की आपोआप अल्ट्रावाइडवर उडी मारतात. ही सोय सेटिंगमध्ये शोधून बंद करावी लागते.

अर्धा पंख धूसर का येतो

फुल-फ्रेमवर एफ/११ ला (हे अॅपर्चरचं माप; आकडा मोठा तर छिद्र लहान) स्पष्टतेची एकूण खोली, म्हणजे जेवढ्या अंतरातलं सगळं स्पष्ट दिसतं ती, १:१ ला साधारण १.३ मिमी, १:२ ला ४ मिमी, १:४ ला १३ मिमी. आता एखादं पॅन्सी फुलपाखरू पंख अर्धे उघडे ठेवून ४५ अंशांत बसलंय. जवळचा पंख आणि लांबचा पंख यांच्यात २ सेंमीचं अंतर आहे. १:२ ला कुठलंही अॅपर्चर हे झाकू शकत नाही. एफ/२२ वर गेलात तर दुसरीच पंचाईत: जवळून काढताना प्रत्यक्ष अॅपर्चर मोठेपणाच्या प्रमाणात लहान होतं, १:१ ला एफ/२२ चा परिणाम एफ/४४ एवढा, आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळाच पंख मऊ पडतो. एफ/८ ते एफ/११ मध्येच राहा.

इलाज कोनात आहे. पंख मिटलेले असतील तर कॅमेऱ्याची पाठ पंखाच्या पातळीला समांतर आणा. पडताळा असा: मागच्या पंखाचं टोक आणि पुढच्या पंखाचं टोक दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसली पाहिजेत. एक स्पष्ट आणि एक धूसर असेल तर त्या बाजूची कॅमेऱ्याची कड, धूसर टोक लांब असेल तर थोडी पुढे आणि जवळ असेल तर थोडी मागे घ्या, दोन-तीन अंशही पुरतात. पंख पसरलेले असतील तर बरोबर वरून. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मागे सरका. २४ मेगापिक्सेलमध्ये फुलपाखरू फ्रेमच्या अर्ध्या रुंदीत बसवलं तरी कातरून ओळख पटण्याजोगं राहतं, आणि खोली तिपटी-चौपटीने वाढते.

ऑटोफोकस गवतात हमखास पुढची काडी पकडतो. एकच फोकस बिंदू ठेवा. ओळखीसाठी तो मागच्या पंखाच्या मध्यावर, चेहरा हवा असेल तर डोळ्यावर. १:२ च्या पुढे गेल्यावर मॅन्युअलवर टाकून, कोपर गुडघ्यावर टेकवून, शरीर मिलिमीटरभर पुढे झुकवत ५-६ फोटोंची मालिका घेणं जास्त खात्रीचं. शटर किमान १/२५०, वारा असेल तर १/५००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन एवढ्या जवळ फारसं कामी येत नाही आणि फूल हलण्यावर तर त्याचा काहीच इलाज नाही. आयएसओ ८०० किंवा १६०० करायला बिचकू नका. दाणेदार फोटोवरून जात ओळखता येते, हललेल्यावरून नाही.

सावलीत, जंगलात फ्लॅश लागतो. एफ/११, १/२००, आयएसओ ४००, फ्लॅश टीटीएलवर (कॅमेरा स्वतः प्रकाश ठरवतो त्या मोडवर) उणे २/३ स्टॉप. पुढे दुधी प्लॅस्टिक किंवा पातळ फोमचा वहीच्या पानाएवढा डिफ्यूझर, जितका फुलपाखराजवळ आणता येईल तितका. उघड्या फ्लॅशने पंखावरचे खवले चकाकतात आणि ठिपके पांढरे फटफटीत होतात. पार्श्वभूमी काळी पडते, कारण फ्लॅश तिथवर पोचतच नाही. शटर १/१०० आणि आयएसओ ८०० केलं की मागचा हिरवा परत येतो.

एक्स्पोजरमध्ये दोन ठरलेल्या चुका असतात. गर्द पानावर बसलेलं पांढरं किंवा फिकट पिवळं फुलपाखरू (पायोनियर, सायकी, एमिग्रंट) जळून जातं: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे २/३ ते उणे १. उजळ मातीवर बसलेलं काळपट क्रो किंवा मॉर्मन फुलपाखरू नुसता काळा डाग होतं: अधिक २/३. ग्रेट एगफ्लायच्या नराचे निळे-जांभळे वलय रंगद्रव्याचे नसून खवल्यांच्या रचनेचे असतात, म्हणून एका कोनातून दिसतात आणि दुसऱ्यातून पार गायब होतात. तिथे एक्स्पोजर बदलून उपयोग नाही, जागा बदला.

जवळ जायचं कसं

फुलपाखराला तुमचा आकार फारसा खुपत नाही. आभाळावर हलणारी आकृती आणि अंगावर पडणारी सावली खुपते. सूर्य पाठीशी असावा असा फोटोग्राफीचा जुना सल्ला इथे नडतो. सूर्य एका खांद्यावर ठेवा, म्हणजे सावली बाजूला पडते. उभं राहून दोन मीटरपर्यंत, मग बसून, शेवटचा मीटर गुडघ्यांवर. कॅमेरा आधीच डोळ्याला लावलेला असू द्या. शेवटच्या क्षणी हात वर नेला की उडालंच. ज्या झुडपावर ते बसलंय त्याची फांदी किंवा गवताची बाजूची काडी तुमच्या पायाखाली येत नाही ना, ते बघा. आणि गुडघा टेकण्याआधी दगडाच्या आसपास एकदा नीट नजर टाका: कोकणात आणि घाटावर फुरसं अशाच जागी असतं.

वेळ महत्त्वाची. उडण्याच्या स्नायूंना ऊब लागते, म्हणून सकाळी फुलपाखरं ऊन खात बसतात. हिवाळ्यात साडेसात ते साडेनऊ हा तास-दोन तास फोटोंसाठी सगळ्यात बरा. कुठली जात कशी बसते हे माहीत असलं की बराच वेळ वाचतो. पॅन्सी, बॅरन, कॅस्टर पंख पसरून ऊन खातात. ग्रास यलो आणि एमिग्रंट बसल्यावर पंख मिटूनच असतात, तेव्हा ‘उघडेल’ म्हणून त्यांच्यापाशी ताटकळू नका. ब्ल्यूंपैकी बरेच सकाळी थोडा वेळ पंख किंचित उघडतात, मग दिवसभर मिटलेले. संध्याकाळी हेच ब्ल्यू गवताच्या तुऱ्यांवर मुक्कामाला येतात. भल्या पहाटे दव असताना ते जागचे हलत नाहीत. तिपाईचा (ट्रायपॉडचा) खरा उपयोग तेवढाच.

उन्हाळ्यात, मार्च ते मेमध्ये, ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर मड-पडलिंग चालतं: मुख्यतः नर चिखलातले क्षार शोषत बसतात, कधी पन्नास-पन्नासचा घोळका. त्या वेळी ते इतके गुंग असतात की पोटावर सरपटत अर्ध्या मीटरवर जाता येतं. घोळक्यात मधे घुसू नका, कडेचं एक निवडा. एक उडालं की सगळा थवा उठतो.

फ्रिजमध्ये गार करून ‘शांत’ केलेल्या फुलपाखरांचे फोटो दिसतात. नसते उद्योग आहेत ते. पाय विचित्र मुडपलेले आणि मिश्या लोंबलेल्या असतात, जाणकाराला लगेच कळतं. शिवाय कित्येक जाती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत; पकडणं, बाळगणं हा गुन्हा ठरू शकतो.

ओळखीला लागणारे फोटो

सुंदर फोटो एक, ओळखीचे फोटो दोन: पंखांची खालची बाजू आणि शक्य असेल तर वरची. एकच मिळणार असेल तर खालची. ग्रास यलोंमध्ये पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मधल्या कोशात (पंखाच्या बुडाकडच्या, शिरांनी वेढलेल्या भागात) किती ठिपके आहेत ते मोजा: कॉमनला दोन, थ्री-स्पॉटला तीन, वन-स्पॉटला एक, स्मॉल आणि स्पॉटलेसला शून्य. वरून सगळे पिवळेच. ग्रास ब्ल्यूंमध्ये त्याच कोशात ठिपका असला तर पेल किंवा डार्क. नसला तर लेसर ग्रास ब्ल्यूची शक्यता. पंखाच्या वरच्या कडेलगत ठिपके असतील तर टायनी.

नकलाकारांसाठी धड बघा. कॉमन मॉर्मनची मादी क्रिमझन रोझ किंवा कॉमन रोझची हुबेहूब नक्कल करते, पण रोझांचं अंग लाल असतं आणि मॉर्मनचं काळं. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असतात, मादीला तीन आणि नराला चौथा गंधग्रंथीचा; डॅनेड एगफ्लायच्या मादीला हे मधले ठिपके नसतात. मोजणीत ही गल्लत झाली तर एका जातीचे आकडे दुसरीच्या खात्यात जातात. आणि कोरड्या ऋतूत बुशब्राउन, ईव्हनिंग ब्राउन यांचे डोळ्यासारखे ठिपके मिटत जातात, पंख सुकल्या पानासारखे होतात. डिसेंबरमध्ये ‘नवी जात आली’ असं वाटलं तर आधी हे आठवा.

आता मोजणी

जगभर वापरतात ती पद्धत अर्नेस्ट पोलार्ड यांनी ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात बसवली आणि १९७६पासून तिथे ती राष्ट्रीय पातळीवर सलग चालू आहे. कल्पना साधी: तोच मार्ग, तोच वेग, तीच रुंदी, ठरलेल्या हवेत, नेमाने. चालताना स्वतःभोवती ५ मीटरची एक काल्पनिक पेटी धरायची: डावीउजवीकडे अडीच-अडीच मीटर, पुढे ५, वर ५. पेटीत दिसलं ते मोजायचं, बाहेरचं कितीही देखणं असलं तरी सोडायचं.

आपल्याकडे बसवताना काही बदल लागतात. ब्रिटनमध्ये किमान तापमानाची अट असते, १३ अंशांखाली मोजत नाहीत, आणि फेरी भर दुपारी करतात. पुण्याला अट उलटी: दुपारी बाराच्या पुढे ऑक्टोबरातसुद्धा फुलपाखरं सावलीत शिरतात. पावसाळ्यानंतर साडेनऊ ते साडेअकरा, मार्च ते मे साडेआठ ते साडेदहा. ढग असले तर तसं लिहा. पाऊस पडत असेल किंवा लहान झाडं डोलण्याइतका वारा असेल तर परत फिरा. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एक कोरडी सकाळ मिळेल, ती सोडू नका.

मार्ग ५०० मीटर ते १ किलोमीटर पुरे. टेकडीवर तो असा आखा की उघडं गवत, झुडपं, झाडांची सावली आणि असेल तर ओढा हे सगळं थोडंथोडं येईल, आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या. आकडे तुकड्यानिहाय लिहा. फक्त फुलांच्या ताटव्यांतून मार्ग काढला तर आकडे छान येतील, पण ते घाणेरीच्या बहराची मोजणी करतील. १ किमीला ३० ते ४० मिनिटं. दर आठवड्याला जमलं तर उत्तम, नाहीतर दर पंधरवड्याला. त्याहून विरळ नको, कारण बहुतेक जातींची अंड्यापासून फुलपाखरापर्यंतची पिढी उन्हाळी तापमानात महिनाभरात पुरी होते आणि एखाद्या जातीचा अख्खा बहर दोन फेऱ्यांच्या मधल्या फटीत निसटतो.

कॅमेरा गळ्यात असू द्या, पण नियम कडक ठेवा. ओळख पटली नाही तरच थांबायचं. थांबताना घड्याळ थांबवायचं, खालच्या बाजूचा एक फोटो, परत त्याच पावलावरून पुढे. थांबलेल्या वेळात जे काही आलं ते मोजायचं नाही. मार्ग सोडून पाठलाग नाही. मनसोक्त फोटोग्राफी फेरी संपल्यावर, येताना. फोटो आणि मोजणी एकाच वेळी करणाऱ्यांची अर्धी फुलपाखरं ते व्ह्यूफाइंडरमध्ये असताना मागून निघून गेलेली असतात.

दुहेरी मोजणी टाळायला: मागून येऊन पुढे गेलेलं मोजू नका. पॅन्सीचा नर आपल्या हद्दीत घिरट्या घालून त्याच दगडावर परत बसतो, ब्ल्यू मॉर्मन एकाच वाटेने खेपा घालतं. सडके-पिके आंबे, कुजकी केळी ठेवून फुलपाखरं बोलावणं फोटोसाठी ठीक, पण मार्गाच्या आसपास ते कधीच करू नका.

वहीत तारीख, सुरू-संपल्याची वेळ, ऊन-ढग, वारा, तुकडा, जात, संख्या. एक रकाना ‘काय बदललं’ यासाठी: गवत कापलं, वणवा लागला, फवारणी झाली, टाकळा उपटला. हा रकाना दोन वर्षांनी सगळ्यात मोलाचा ठरतो. गेलात आणि एकही दिसलं नाही तर ० लिहा. गेलाच नाहीत तर रेघ मारा. ० आणि रेघ एक झाले की पुढचं सगळं गणित फसलं.

ज्या जाती उडताना ओळखता येत नाहीत त्यांचे गट पहिल्या दिवशीच ठरवा: ‘ग्रास ब्ल्यू, नक्की नाही’, ‘क्रो, नक्की नाही’. आणि गट मधेच मोडू नका. पहिल्या वर्षी सगळे ग्रास ब्ल्यू ‘पेल’ म्हणून लिहिले आणि तिसऱ्या वर्षी तीन जाती ओळखायला शिकलात, तर कागदावर पेल ग्रास ब्ल्यू एक तृतीयांशावर आलेला दिसेल. घटली ती फक्त तुमची चूक.

आकड्यांकडे बघताना

हंगामाच्या शेवटी प्रत्येक जातीची सगळ्या फेऱ्यांची बेरीज हा तिचा त्या वर्षीचा निर्देशांक. एखादी फेरी चुकली तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरासरी घ्या: १२, रेघ, २० असेल तर मधे १६. ऐन बहरात लागोपाठ दोन चुकल्या तर त्या जातीचा त्या वर्षीचा आकडा काढू नका. ‘मागच्या १० सप्टेंबरला ८०, यंदा १० सप्टेंबरला ३०’ ही तुलना निरुपयोगी आहे. पाऊस तीन आठवडे लांबला की बहरही लांबतो, आणि पूर्ण हंगामाची बेरीजच हे सरकणं पचवू शकते.

सगळ्या जातींची मिळून एक बेरीज काढण्याचा मोह टाळा. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड दाट झाली आहे. सावली वाढली की उघड्या गवतातले ग्रास ज्युवेल, पॅन्सी कमी होतात आणि सावलीतले ईव्हनिंग ब्राउन, बुशब्राउन वाढतात. एकूण बेरीज तीच, आणि टेकडी पार बदललेली. तुकड्यानिहाय, जातीनिहाय आकडे याचसाठी.

चढउताराची साधी कारणं आधी तपासा. पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो, त्यावर कॉमन ग्रास यलो आणि मॉटल्ड एमिग्रंट अंडी घालतात. गणपतीआधी ‘तण’ म्हणून टाकळा साफ केला तर अळ्याही त्याबरोबर जातात. बहाव्याला कोवळी पालवी फुटली की कॉमन एमिग्रंट शेकड्यांनी निघतात आणि महिन्याभरात ओसरतात. हळदीकुंकवाच्या अळ्यांना बांडगूळ लागतं; आंब्यावरचं बांडगूळ काढलं की परिसरातली संख्या पडते, आणि बागवाल्याला दोष देता येत नाही. फेब्रुवारी-मार्चचा वणवा वाळल्या गवतातल्या ब्राउन आणि स्किपरांच्या अळ्या-कोषही जाळून जातो. सोसायट्यांतल्या धुरळणीचा परिणाम किती, हे फेरीच्या आकड्यांतून वेगळं काढणं कठीण. तारीख मात्र टिपून ठेवा. टायगर आणि क्रो पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दक्षिणेत घाट आणि पूर्वेची मैदानं यांच्यात मोठ्या संख्येने ये-जा करतात, तेव्हा एका दिवशी खुळखुळ्याच्या झुडपावर दोनशे दिसले तर तो आकडा वेगळा लिहा, निर्देशांकात नको.

इथे जवळून काढलेले फोटो पुन्हा कामाला येतात. पंखाची झीज बघा आणि १ ते ४ असा शेरा द्या: १ म्हणजे कडेची झालर शाबूत, रंग करकरीत, ४ म्हणजे खवले उडालेले, पंख पारदर्शक, कडा फाटलेल्या. एका फेरीत बहुतेक पॅन्सी ४ दर्जाची असतील तर ती पिढी संपत आलीय. पुढच्या फेरीत आकडा पडेल आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी १ दर्जाची नवी दिसतील. ही घट नाही. झीज आणि इजा यांत फरक करा. मागच्या दोन्ही पंखांवर समोरासमोर, एकाच आकाराचा त्रिकोणी तुकडा गेलेला असेल तर पंख मिटलेले असताना पक्ष्याने किंवा सरड्याने घेतलेला तो चावा. असं खुणेचं फुलपाखरू परत दिसलं तर तेच आहे हे खात्रीने सांगता येतं, आणि किती दिवस एका जागी राहतं तेही कळतं.

किती वर्षं लागतात? दोन वर्षांच्या फरकाला काहीच अर्थ नाही. फुलपाखरं एका वर्षात निम्मी होतात आणि पुढच्या वर्षी तिप्पट. पाचएक वर्षांनी अंदाज यायला लागतो, कल म्हणावा असं काही आठ-दहा वर्षांनी.

तुमच्या तीन वर्षांच्या फोल्डरचा उपयोग अजिबात नाही असं मात्र नाही. फोटोंची संख्या विसरा, दिवस मोजा. ज्या दिवशी किमान ८ जातींचे फोटो आहेत असेच दिवस घ्या, म्हणजे नुसतं एका कोषामागे दिवस घालवलेत ते गळतील. मग प्रत्येक जात त्यांतल्या किती टक्के दिवशी आहे ते काढा. समजा पहिल्या वर्षी असे ४० दिवस आणि हळदीकुंकू १४ दिवशी, म्हणजे ३५ टक्के. यंदा असे २२ दिवस आणि हळदीकुंकू ८ दिवशी, म्हणजे ३६ टक्के. फोटो निम्मे झाले, फुलपाखरू जिथल्या तिथे. हेच गणित पाचदहा नेहमीच्या जातींवर करून बघा. एखाद्याच जातीचा टक्का ठळक घसरला असेल तर तिची खाद्यवनस्पती टेकडीवर शाबूत आहे का ते जाऊन पाहा. त्याआधी कॅमेऱ्याच्या घड्याळाची तारीख बरोबर होती ना, तेवढी तपासा.

ओळखीसाठी फोटो आयनॅचरलिस्ट किंवा ‘बटरफ्लाईज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळांवर टाका. दोन्हीकडे जाणकार तपासतात. २०२०पासून दर सप्टेंबरात देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ होतो, मोजणी शिकायला आणि सोबत मिळवायला तो बरा. फेरीचे आकडे मात्र स्वतःच्या वहीतच पूर्ण ठेवा, शून्यांसकट. वही पेन्सिलीने लिहा, कारण पावसात शाई पसरते. आणि फेरी संपल्यावर त्या पानाचा मोबाइलने एक फोटो काढून ठेवा.